चार टेबल चालतात, मग चार फर्निचर का नाही?

पत्र: मी मानेवाड्याला राहतो. वर्धा रोडवरच्या एका फर्निचर शोरूममध्ये नऊ वर्षांपासून स्टॉकचं काम पाहून राहिलो. शिक्षण मराठी माध्यमातून, बी.कॉम. इंग्रजी बोलणं जमून जातं, पण मुख्य ऑफिसला मेल पाठवला की लाल खुणा होऊनच परत येतो. परवाचा जसाच्या तसा देतो: ‘टुडे वी रिसीव्ह्ड टेन फर्निचर्स फ्रॉम गोडाऊन. टू टेबल हॅज डॅमेजेस. स्टाफ्स आर चेकिंग. प्लीज सेंड इन्फर्मेशन्स अबाऊट ट्रान्सपोर्टर. आय नीड टू डेज लीव्ह.’ साहेबांनी नऊ खुणा केल्या, कारण एकाचंही सांगितलं नाही. इकडे सहावीतली मुलगी विचारून राहिली, की नाम म्हणजे वस्तूचं नाव, तर ‘अरायव्हल’ हे नाम कसं? नामांचं हे प्रकरण एकदा समजावून सांगा. काहून इतकं चुकतं?
एक वाचक, नागपूर

उत्तर: तुमच्या मेलमधल्या नऊ खुणा मोजून पाहिल्या. फर्निचर्स, गोडाऊन, टेबल, हॅज, डॅमेजेस, स्टाफ्स, इन्फर्मेशन्स, ट्रान्सपोर्टर, डेज. यांतल्या आठ नामांवरच आहेत आणि नववी, ‘हॅज’ची, नामामागून फरफटत आलेली. काळ चुकलेला नाही, स्पेलिंग चुकलेलं नाही. म्हणजे तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं धरून चालू नका. नाम हातात आल्यावर इंग्रजी जो प्रश्न विचारते, तो विचारायची सवय आपल्याला नाही, एवढंच झालंय.

मराठी माणूस नवीन नाम ऐकलं की सगळ्यात आधी त्याचं लिंग ठरवतो. कुणी न सांगता आपण ‘फाइल आली’, ‘कॉम्प्युटर आला’, ‘टेबल आलं’ म्हणतो. ते संत्रं की तो संत्रा, यावर घरात दोन मतं असतील, पण लिंग ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, कारण विशेषण आणि क्रियापद दोन्ही त्यावर टांगलेली. इंग्रजीत टेबलाला लिंग नाही. तिथे पहिला प्रश्न असतो, हे मोजता येतं की नाही? अनेकवचनाचा एस लागणार का, ‘अ’ लागणार का, ‘मच’ म्हणायचं की ‘मेनी’, क्रियापद ‘इज’ की ‘आर’, ही सगळी उत्तरं या एका प्रश्नातून निघतात. ‘किती’ आणि ‘खूप’ हे आपले शब्द पाण्यालाही चालतात नि माणसांनाही, म्हणून हा भेद आपल्याला बोलताना जाणवतच नाही.

आता गंमत पाहा. ‘दुकानात नवं फर्निचर आलंय’ असंच तुम्ही मराठीत म्हणता ना? ‘फर्निचरं आली’ कुणी म्हणत नाही. ‘माहित्या पाठवा’ असंही कुणी म्हणत नाही. म्हणजे ‘फर्निचर्स’ आणि ‘इन्फर्मेशन्स’ या चुकांचं खापर मराठीवर फोडता येणार नाही. एकाहून जास्त दिसलं की एस लावा, हा शाळेत पाठ केलेला नियम त्या करवतो. तेव्हा पहिली चाचणी घरचीच वापरा. नामाचं मराठी करा आणि त्याच्यापुढे ‘चार’ ठेवा. चार टेबलं, चार खुर्च्या, चार गोदामं बरोबर वाटतात. चार माहिती, चार सामान, चार रहदारी, चार ज्ञान, चार प्रगती, चार संशोधन, चार हवामान कानाला खटकतं. जिथे खटकलं तिथे इंग्रजीतही बहुतेक वेळा मोजणी नाही. इन्फर्मेशन, लगेज, ट्रॅफिक, नॉलेज, प्रोग्रेस, रिसर्च, वेदर या कशालाच एस नको आणि ‘अ’ही नको. ‘चार’ ठेवूनच पाहा, नुसतं रूप पाहू नका. कारण ‘दगड’ आणि ‘उंदीर’ यांचं रूप अनेकवचनात बदलत नसलं तरी चार दगड, चार उंदीर मोजता येतातच.

खरी पाठ करायची यादी वेगळी आहे. मराठीत मोजता येतं आणि इंग्रजीत येत नाही, अशा नामांची ती यादी. बातमी, सल्ला, पुरावा, काम, उपकरण, दागिना, साबण, पाव, खडू, केस, पैसे. आपण दोन बातम्या ऐकतो, चार सल्ले देतो, कोर्टात पुरावे मांडतो. इंग्रजीत न्यूज, ॲडव्हाइस, एव्हिडन्स, वर्क, इक्विपमेंट, ज्वेलरी, सोप, ब्रेड, चॉक, हेअर, मनी हे सगळे ढिगासारखे एकवचनी. दुकानात ‘दोन साबण द्या’ म्हणतो, म्हणून ‘टू सोप्स’ तोंडात येतं. हवं ‘टू बार्स ऑफ सोप’. खडूचे ‘पीसेस ऑफ चॉक’, ब्रेडची ‘लोफ’ किंवा ‘स्लाइस’, बातमीचा ‘पीस’ किंवा ‘आयटम’. यात ‘न्यूज’ जास्त फसवा, कारण शेवटी एस असूनही तो एकवचनी आहे, ‘द न्यूज इज’. मॅथमॅटिक्स, फिजिक्स, डायबेटीस याच पंगतीतले.

धान्याचं तर विचारूच नका. आपण तांदूळ निवडतो ते अनेकवचनात, पोहे खातो तेही अनेकवचनात. ‘पोहे झाले’ म्हणतो, ‘पोहा झाला’ म्हणत नाही. इंग्रजीत राइस आणि व्हीट एकवचनी, म्हणून ‘द राइस इज’, आणि पोह्यांनाही तिथे ‘द पोहा इज रेडी’च म्हणायचं. पण चवळी, राजमा, वाटाणा यांच्या दाण्यांना इंग्रजी मोजतं: बीन्स आर, पीज आर. यात फार तर्क शोधू नका. दाणा मोठा झाला की मोजणी सुरू होते, इतपत खूण पुरते, तीही मक्यापाशी मोडते, कारण ‘मेझ’ला एस नाही.

उलटी फसवणूकही असते. चष्मा एक, कात्री एक, पक्कड एक, पँट एक. इंग्रजीत या सगळ्या दोन भिंगांच्या, दोन पात्यांच्या किंवा दोन पायांच्या वस्तू कायम अनेकवचनी आहेत. ग्लासेस, सिझर्स, प्लायर्स, ट्राउझर्स. ‘द सिझर्स आर ऑन द टेबल’, कात्री एकच असली तरी. मोजायचीच असेल तर ‘अ पेअर ऑफ सिझर्स’. तुमच्या फिटिंग विभागाच्या सामानयादीत ‘वन प्लायर’ लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. एकदा पाहून घ्या.

आता तुमच्या मेलमधलं ‘गोडाऊन’ आणि ‘ट्रान्सपोर्टर’. तिथे शब्द बरोबर आहे, पण तो उघडा आहे. नामांचा एकच नियम पाठ करायचा असेल तर हा करा: मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजी वाक्यात एकटं उभं राहत नाही. त्याच्यापुढे अ, ॲन, द, माय, युअर, धिस, दॅट, ईच, एव्हरी यांपैकी कुणीतरी लागतंच. ‘आय बॉट बाइक’ चुकतं, ‘आय बॉट अ बाइक’ हवं. मराठीत ‘मी गाडी घेतली’ पूर्ण वाक्य आहे, म्हणून आपल्या कानाला उणीव जाणवत नाही. मेल लिहून झाला की परत वाचताना फक्त हे करा. प्रत्येक नामावर बोट ठेवा, ते एकवचनी आणि मोजता येणारं असेल तर डावीकडे पाहा. तिथे कुणी नसेल तर थांबा.

‘अ’ की ‘द’? वाचणाऱ्याला ‘कुठलं?’ असा प्रश्न पडणार नसेल तर ‘द’. तुमच्या साहेबांना गोडाऊन कुठलं ते माहीत आहे, ट्रान्सपोर्टरही माहीत आहे, म्हणून दोन्हीकडे ‘द’. पहिल्यांदाच उल्लेख होतोय आणि कुठलंही एक चालेल, तर ‘अ’. याला अपवाद आहेत, पण ते ठरलेले आहेत: ॲट होम, इन बेड, गो टू स्कूल, बाय बस, बाय मेट्रो. खापरीहून सीताबर्डीला ‘बाय मेट्रो’ जाता, पण गाडीत बसल्यावर ‘ऑन द मेट्रो’ असता.

‘टू टेबल हॅज’ मात्र अस्सल मराठी चूक आहे. टेबलाचं आपण ‘टेबलं’ करतो खरं, पण आकारान्त नसलेली आपली पुल्लिंगी नामं अनेकवचनात तशीच राहतात. दहा दगड, वीस हात, दोन पंप. आकडा आहे ना, मग अनेकवचन वेगळं कशाला दाखवायचं, असं मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं. इंग्रजीला आकडा असला तरी एस हवाच आणि क्रियापदही त्याच्याशी जुळायला हवं: टू टेबल्स हॅव. बोलतानाही हा एस गिळला जातो, विशेषतः डेस्क्स, टेस्ट्स अशा जोडाक्षरांच्या शेवटी. उच्चारही तीन आहेत. क, ट, प, फ नंतर ‘स’: बुक्स. स, झ, श, च, ज नंतर ‘इझ’: बसिझ, बेंचिझ. बाकी सगळीकडे ‘झ’ सारखा: बॅग्झ, टेबल्झ, चेअर्झ. मुलीला मोठ्यानं वाचायला लावा, आठवड्याभरात कान तयार होतो.

‘डॅमेजेस’कडे जरा सावध राहा, कारण इथे चूक व्याकरणाची कमी आणि पैशाची जास्त आहे. नुकसान या अर्थाचा ‘डॅमेज’ मोजता येत नाही. एस लावला की त्याचा अर्थ कोर्टानं द्यायला लावलेली नुकसानभरपाई असा होतो. ट्रान्सपोर्टरशी पत्रव्यवहार करताना ‘वी वॉन्ट डॅमेजेस’ लिहिलंत तर तो वकिलाकडे धावेल. तुम्हाला म्हणायचंय ‘टू टेबल्स आर डॅमेज्ड’.

स्टाफ हा समूह आहे, त्यातला एक माणूस नव्हे. ‘ही इज अ स्टाफ’ किंवा ‘टू स्टाफ्स’ चालत नाही. ‘अ मेंबर ऑफ स्टाफ’, ‘टू स्टाफ मेंबर्स’ म्हणा. ‘स्टाफ इज’ की ‘स्टाफ आर’ यावर भांडू नका. ब्रिटिश वळणात दोन्ही चालतात, अमेरिकन वळणात ‘इज’. ‘पोलीस’चं मात्र पक्कं ठरलेलं आहे. आपल्याकडे एक पोलीस येतो आणि दहा पोलीस येतात, इंग्रजीत ‘द पोलीस हॅव’ असं नेहमी अनेकवचन आणि एकट्यासाठी ‘अ पोलीस ऑफिसर’.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढची अडचण हीच येणार म्हणून सांगून ठेवतो. काही नामं दोन्ही घरची असतात आणि घर बदललं की अर्थ बदलतो. ‘पेपर’ म्हणजे कागद, मोजता येत नाही. ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर. ‘ग्लास’ म्हणजे काच, ‘अ ग्लास’ म्हणजे पेला. सावजी भोजनालयात जाऊन ‘आय एट चिकन’ म्हणालात तर रस्सा-फोडी डोळ्यांपुढे येतात, ‘आय एट अ चिकन’ म्हणालात तर अख्खी कोंबडी. ‘माय हेअर इज फॉलिंग आउट’ ही डोक्याची तक्रार, ‘देअर इज अ हेअर इन माय पोहा’ ही हॉटेलवाल्याकडची. आणि बायोडेटामध्ये नऊ वर्षांचा अनुभव लिहिताना ‘एक्सपीरियन्स’ला एस नको. ‘एक्सपीरियन्सेस’ म्हणजे आयुष्यात आलेले बरेवाईट प्रसंग, आणि ते मुलाखतीत कुणी विचारत नाही.

दोन नामं शेजारी आली की पहिलं बहुधा एकवचनात राहतं, कारण ते विशेषणाचं काम करत असतं. ऑरेंज ज्यूस, व्हेजिटेबल मार्केट, टेन-रुपी नोट. ‘टेन रुपीज नोट’ चुकतं. मराठीतही आपण भाजीबाजार म्हणतो, भाज्याबाजार नाही. आणि वजन शेवटच्या नामावर असतं. ऑरेंज ज्यूस हा रस आहे, ज्यूस ऑरेंज हे रसासाठीचं फळ. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही चूकही अशीच मराठीकडे पाहून सुटते: ‘माझ्या मित्रांपैकी एक’ म्हणतो ना, तिथे मित्र अनेक आहेत. म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’, आणि क्रियापद मात्र त्या एकाचं, ‘इज’.

विशेषनामांना देवनागरीत मोठं अक्षर नाही, त्यामुळे इंग्रजीत ते विसरतं. नागपूर, सोमवार, ऑक्टोबर आणि भाषेचं नाव मराठी, सगळ्यांना पहिलं अक्षर मोठं. उन्हाळा-पावसाळ्याला मात्र नाही. ‘द’ शहराला लागत नाही, तळ्याला लागत नाही (फुटाळा लेक, अंबाझरी लेक), नदीला लागतो (द नाग, द कन्हान), डोंगररांगेला लागतो. ‘नागपूर युनिव्हर्सिटी’ला नाही, पण ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ला आहे. मध्ये ‘ऑफ’ आला की पुढे ‘द’ येतो, असं बहुतेक संस्थांच्या बाबतीत धरून चाला.

आता मुलीचा प्रश्न. तो तुमच्यापेक्षा खोल आहे. ‘नाम म्हणजे वस्तूचं नाव’ ही व्याख्या सुरुवातीला बरी, पण ती अर्थाकडे पाहते. शब्द कुठे बसतो त्यावरून नाम ओळखावं. ‘द’ किंवा ‘माय’ लावून पाहा: ‘द अरायव्हल’, ‘माय अरायव्हल’ बसतं, ‘द अराइव्ह’ बसत नाही. म्हणून अरायव्हल नाम आणि अराइव्ह क्रियापद. मराठीत येणं ही क्रियाच, पण ‘तुझं येणं बरं झालं’ म्हणताना ते नाम होतं, तसंच हे. शेपटीवरूनही कळतं: शन, मेंट, नेस, इटी यांवर संपणारे शब्द बहुधा नामं असतात. एकच शब्द दोन्ही कामं करतो तेव्हा तर जागाच सांगते. ‘द बुक’ म्हणजे पुस्तक, ‘टू बुक अ टिकट’ म्हणजे आरक्षण करणं. तिला ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ हे दोन शब्द ओळीनं म्हणायला सांगा. शेवटी ‘स’ तर सल्ला, ‘झ’ तर सल्ला देणं.

सरावासाठी दोनशे पानी वही नको, चाळीस पानी पुरे. रोज पाच नामं. नुसतं ‘फर्निचर’ लिहायचं नाही, सोबत्यासकट लिहायचं: ‘सम फर्निचर, अ पीस ऑफ फर्निचर’. ‘टेबल’ नाही, ‘अ टेबल, टू टेबल्स’. मराठीत ‘फाइल’ स्त्रीलिंगी आहे हे तुम्ही नियमानं शिकला नाहीत, ‘जाड फाइल कुठे गेली’ ऐकत शिकलात. हे तसंच. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा, ऑक्सफर्डचा किंवा केंब्रिजचा, दोन्ही मोबाइलवर फुकट दिसतात. नामाच्या अर्थाआधी चौकटी कंसात सी किंवा यू असतो, नाहीतर ‘काउंटेबल’ किंवा ‘अनकाउंटेबल’ असा पूर्ण शब्द असतो. सी म्हणजे मोजता येतं, यू म्हणजे नाही. एका शब्दाच्या तीन अर्थांना तीन वेगळ्या खुणा असू शकतात, म्हणून आपल्याला हव्या त्या अर्थासमोरचीच पाहा. इंग्रजी-मराठी छोट्या कोशांत ही खूण सहसा नसते, तिथेच बरेच जण अडकतात.

आठवड्यातून दोनदा ‘द हितवाद’सारख्या इंग्रजी पेपरातल्या एका बातमीचा एक परिच्छेद घ्या, प्रत्येक नामाखाली रेघ मारा आणि त्याच्या डावीकडे काय आहे त्याला गोल करा. मथळ्यांवर हा सराव करू नका. जागा वाचवायला मथळ्यातले ‘अ’ आणि ‘द’ काढून टाकलेले असतात, ते पाहून शिकलात तर मेल पुन्हा लाल होईल.

राहिली रजा. ‘टू डेज लीव्ह’मध्ये रजा दोन दिवसांची, म्हणजे षष्ठी, म्हणून डेजच्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी हवा. एकाच दिवसाची असेल तर ‘वन डे’ज लीव्ह’, तिथे तो एसच्या आधी येतो. आपला ‘चा-ची-चे’ पुढच्या नामाप्रमाणे बदलतो, इंग्रजीचा हा प्रत्यय बदलत नाही, तेवढी सुटका. तुमचा मेल असा होईल: ‘वी रिसीव्ह्ड टेन पीसेस ऑफ फर्निचर फ्रॉम द गोडाऊन टुडे. टू टेबल्स आर डॅमेज्ड. द स्टाफ आर चेकिंग देम. प्लीज सेंड मी सम इन्फर्मेशन अबाऊट द ट्रान्सपोर्टर. आय नीड टू डेज’ लीव्ह.’ फक्त रजा कुठल्या तारखांची, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. तेवढं घाला, नाहीतर नामं सगळी बरोबर असूनही मेल परत येईल.